मेलेल्या शिपायाचा आवाज

माझा धाकटा भाऊ कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर वेगळे आणि हा वेगळा, हे लोकांना समजावता समजावता माझी अर्धी हयात गेली. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात. हा आमच्या पुढच्या खोलीत बसून त्या मापात प्लास्टर ओततो, साचा काढतो, मेणात एकेक दात बसवतो, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरतो आणि घासत बसतो. दिवसभर घरात त्या छोट्या मोटारीची घरघर चालू. चहात प्लास्टरची भुकटी, उशीवर प्लास्टरची भुकटी. एकदा साखरेसाठी फळीवर हात घातला तर कुणाचा तरी खालचा जबडा हाताला लागला. ओरडले मी, तर हा आतून म्हणतो कसा, हलवू नकोस ताई, वाळतोय.

मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत होते, आता घरी असते. त्याने लग्न केलं नाही. मी केलं होतं, ते टिकलं नाही, पण तो विषय वेगळा. आम्ही दोघं एकाच छपराखाली राहतो, भांडतो, आणि एकमेकांची औषधं लक्षात ठेवतो. बाहेर त्याला कुणी कवळीवाला म्हणतं, पण घरी येणारे दोस्त त्याला मास्तर म्हणतात. शाळेशी त्याचा काही संबंध नाही. मास्तर तो रविवारचा.

आता हे मास्तरपण काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. तसं ते आहेच थोडं. दर रविवारी दुपारी त्याचे दोस्त येतात, कवळ्यांचं टेबल पुसून स्वच्छ करतात आणि एक खेळ खेळतात. पत्ते नव्हेत, कॅरम नव्हे. जिंकणं-हरणं काही नाही. एकजण मास्तर होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. प्रत्येकाचा एक कागद असतो, त्यावर आपलं पात्र लिहिलेलं, अंगात ताकद किती, डोक्यात अक्कल किती, हातात तलवार आहे की काठी. मास्तर म्हणतो, समोर दार आहे. एकजण म्हणतो, मी ढकलतो. मग फासा टाकायचा. त्या फाशाला वीस बाजू. चांगला पडला तर दार उघडलं, वाईट पडला तर दार अंगावर. पन्नाशी उलटलेली, चष्मे लावलेली माणसं हे करतात, आणि वर तावातावाने भांडतात.

त्यांची गोष्ट वर्षानुवर्षं एकच चालली होती. डोंगरावर एक किल्ला, आणि त्यात एक सरदार, जो केव्हाच मेला पण मरायचं नाव घेत नाही. सुळे एवढाले लांब. रात्री हिंडतो, माणसांचं रक्त पितो, आरशात दिसत नाही, आणि बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही, तेवढी एक सभ्यता बाकी. त्याने ज्यांना चावून मारलं ते सगळे मेल्यावर उठतात आणि त्याची चाकरी करतात. असल्या अर्धमेल्यांची फौजच्या फौज किल्ल्यात. ही सगळी माझ्या भावाची कल्पना. दिवसभर लोकांचे दात करून याचं मन भरत नव्हतं, म्हणून रविवारीही दातच. उरलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये त्याने त्या सरदाराची बोटभर मूर्ती केली होती, हिरड्यांच्या गुलाबी रंगाचा अंगरखा घातलेली.

सुरुवातीला मी थट्टा करायचे. एकदा चहा ठेवता ठेवता म्हटलं, रोज रक्त पितो तर याचे कपडे कोण धुतं रे? रक्ताच्या डागावर गरम पाणी पडलं की डाग बसलाच समजा, थंड पाणीच लागतं. किल्ल्यात थंड पाणी आहे का? भाऊ गंभीर चेहऱ्याने म्हणाला, आहे. पुढच्या रविवारी त्या किल्ल्यात एक धोबीण अवतरली, आणि तिचं तोंड एक मिनिट बंद नव्हतं. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मी म्हटलं, असू दे, तुमच्या सरदाराला कुणीतरी चार शब्द सुनवायलाच हवेत.

खेळायला तिघं यायचे. एक लायब्ररीवाल्या बाई, शांत, नेमक्या, फासासुद्धा पुस्तकावर तारीख मारावी तसा टाकणाऱ्या. एक बेकरीवाला, पहाटेपासून भट्टीपुढे उभा राहून आलेला, त्यामुळे निम्मा वेळ पेंगणारा. आणि तिसरा लिफ्टवाला. म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. तो आणि माझा भाऊ शाळेतले. त्याचा आवाज असा की घशात कुणी खडी ओतलीय. जिन्यात खोकला तरी तिसऱ्या मजल्यावर आम्हाला कळायचं की आला. त्याचं खेळातलं पात्र होतं एक म्हातारा भाडोत्री शिपाई, ज्याचे गुडघे दुखतात आणि ज्याला लढाईच्या आधी जेवण लागतं. राक्षस समोर उभा, लायब्ररीवाल्या बाई मंत्र म्हणतायत, आणि हा विचारतोय, आधी काही खायला आहे का? माझा भाऊ, जो डॉक्टरांशी फोनवर तीन शब्दांच्या वर बोलत नाही, तो या माणसापुढे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा.

त्या खेळाचा एक नियम असा की सरदार ज्याला चावून मारतो, त्या पात्राचा कागद खेळाडूने मास्तरच्या हवाली करायचा. पात्र उठतं, पण ते आता तुमचं नाही, सरदाराचं, म्हणजे मास्तरचं. तुम्ही नवीन पात्र लिहायला घ्या. एका रविवारी फासे उलटे पडत गेले आणि म्हातारा शिपाई चावला गेला. लिफ्टवाला खूप भांडला, पण शेवटी त्याने कागद दिला. पुढच्या वेळी एखादा तरुण शिपाई लिहून आणतो, म्हणाला, निदान गुडघे तरी धड असतील.

त्याच आठवड्यात तो गेला. एका इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली असते, तिथे एकटाच काम करत होता. हृदयाचा झटका. कंपनीने फोन केले, उचलले गेले नाहीत. संध्याकाळी कुणी वर चढून बघितलं तेव्हा कळलं. लिफ्ट मात्र त्याने चालू करून दिली होती. दुपारभर माणसं त्याच्याखाली वर-खाली करत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. हे ऐकलं तेव्हा मला जे वाटलं ते अजून तसंच वाटतं, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

माझा भाऊ रडला नाही. सगळीकडे गेला, जे करायचं ते केलं, लिफ्टवाल्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मुलगी येईपर्यंत हवं-नको बघितलं, आणि घरी येऊन कवळी घासायला बसला. एका डॉक्टरला ती दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

रविवार आला. लायब्ररीवाल्या बाई आल्या, बेकरीवाला आला. खेळायचं असं कुणी म्हणेना, आणि न खेळता करायचं काय तेही सुचेना. टेबलाला चार खुर्च्या, एक रिकामी. मग भावानेच गोष्ट सुरू केली, कारण गप्प बसण्यापेक्षा ते बरं. किल्ल्याच्या पायथ्याशी सराई आहे, तुम्ही आत बसलायत, बाहेर अंधार आहे, आणि दारावर थाप पडते. कोण आहे, बाईंनी विचारलं. आणि माझ्या भावाच्या त्या किरट्या गळ्यातून लिफ्टवाल्याचा आवाज आला. “आत घेताय की इथंच उभा राहू? मेल्यावर तरी गुडघे थांबतील वाटलं होतं, ते सोबत आलेत.”

मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले, कारण मला खरंच वाटलं तो आलाय. बेकरीवाला मोठ्यांदा हसला आणि लगेच उठून गॅलरीत गेला. बाईंनी चष्मा काढून ठेवला. नियमाने सगळं बरोबर होतं. शिपायाला सरदार चावला होता, तो उठणारच होता, आणि त्याला बोलतं करायचं काम मास्तरचंच होतं. दुसऱ्या कुठल्या घरात असा घोळ झाला असता का, तुम्हीच सांगा. माणूस मेला होता, पण यांच्या नियमात तो मेलेला धरला जात नव्हता.

पुढच्या रविवारी वहिनी आल्या. लिफ्टवाल्याची फाशांची पिशवी आमच्याकडे राहिली होती, ती न्यायला. वहिनींना हा खेळ कधी आवडला नव्हता. पोरखेळ म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या आल्या तेव्हा खेळ चालू होता. भाऊ एकदम थांबला, चोरी पकडल्यासारखा. लायब्ररीवाल्या बाईंनीच त्यांना हळूच सांगितलं की काय चाललंय. वहिनी रिकाम्या खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, चालू द्या. भावाला काय करावं कळेना. शेवटी शिपाई दोन वाक्यं बोलला. वहिनी ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी त्या मेलेल्या शिपायाला विचारलं, जेवलात का? “मेलेल्याला कोण वाढतंय,” आवाज म्हणाला. आणि वहिनी हसल्या. नवरा गेल्यापासून त्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मला वाटलं, चला, या खेळाचा कुणाला तरी उपयोग झाला.

तेव्हापासून त्या दर रविवारी येऊ लागल्या. फासा कधी टाकला नाही, फक्त बसायच्या. पिशवी त्यांनी नेलीच नाही. शिपाई यायचा, सराईच्या दाराशी उभा राहायचा, कुणीतरी म्हणायचं आत ये, मग तो आत यायचा आणि बोलायचा. थोडा वेळ. मग कोंबडा आरवायच्या आत त्याला परत जावं लागायचं, तसं माझ्या भावाने ठरवून टाकलं होतं, नाहीतर घसा पुरला नसता.

आणि घसा पुरेनाच. भावाचा आवाज मुळात बारीक. त्यातून तो जाडाभरडा आवाज काढायचा म्हणजे मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. रविवारी संध्याकाळी त्याला बोलता यायचं नाही. मग सोमवारीही यायचं नाही. डॉक्टरांचे फोन मी घ्यायला लागले, वरची कवळी की खालची, रंग कुठला, सगळं मी विचारायचे आणि तो पाटीवर लिहिल्यासारखा हवेत बोटाने लिहायचा. शनिवारी मोरीत दार लावून आवाज घासून बघायचा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ, मध, जे कुणी सांगेल ते. शेवटी मीच त्याला ओढून घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठी आल्यात म्हणाले, आवाजावर जबरदस्ती थांबवा, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतर आवाज कसा राहील ते सांगता येत नाही. माझ्या भावाने सगळं ऐकून मान डोलावली. आणि रविवारी पुन्हा तेच.

मी चिडले. मी चिडते, लपवून काय करू. म्हटलं, तुला अक्कल आहे की तीही फासा टाकून ठरवतोस? तुला जन्मभर मुका होऊन बसायचंय का? तो कुजबुजत म्हणाला, “वहिनींना काय सांगू ताई? त्यांच्या नवऱ्याला मी दुसऱ्यांदा मारू?” मी हात टेकले.

नुसता घशाचा प्रश्न असता तरी एक वेळ निभावलं असतं. पण बोलायचं काय, हाही प्रश्न होता. जिवंत माणूस रोज कुठे ना कुठे जातो, कुणाशी तरी भांडतो, काहीतरी बघून येतो. मेलेल्याची नवी बातमी आणायची कुठून? गुडघे झाले, जेवण झालं, सरदाराच्या किल्ल्यात थंडी किती ते झालं. भाऊ तेच तेच विनोद फिरवून फिरवून वापरायला लागला. बेकरीवाला मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, ताई, वर्ष व्हायला आलं, आम्ही त्या किल्ल्याच्या पायथ्याशी बसून आहोत. वर चढायचं म्हटलं तर सरदाराच्या बाजूने तोच उभा राहणार. त्याच्यावर तलवार कोण उचलेल? म्हणून कुणी हलतच नाही. बिचारा पहाटे उठून पाव भाजतो आणि रविवारची दुपार अशी मढ्यासमोर घालवतो, पण यायचं चुकवत नव्हता. सगळेच दमले होते. एकदा तर मी बघितलं, शिपाई बोलतोय आणि वहिनींची मान छातीवर पडलीय, झोप लागलीय. भावाने बघितलं आणि आवाज जास्त मोठा केला.

मग वहिनींच्या मुलीचा फोन आला. माझ्याकडे. ती दुसऱ्या गावाला असते, नोकरी करते, नवरा चांगला आहे. मावशी, म्हणाली, तुमच्याकडे चालतं तरी काय? आईसाठी मी खोली तयार ठेवलीय, पडदेसुद्धा तिला आवडतात तसे लावलेत, आणि ती म्हणते रविवारचं कसं जमणार. कसला रविवार? पोरगी रडवेली झाली होती. मी तिची कशीबशी समजूत घातली आणि फोन ठेवला, आणि माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू. इतके दिवस वाटत होतं की तो शिपाई माझ्या भावाला खातोय. आता कळलं की तो वहिनींनाही त्यांच्या घरात डांबून बसलाय. ठरवलं, वहिनींशी आपणच बोलायचं. वाईटपणा आला तर आला.

त्या रविवारी वहिनी कप घेऊन स्वयंपाकघरात आल्या. बाहेर भाऊ वाफ घेत होता, पुढच्या फेरीसाठी. मी दार लोटलं आणि आडपडदा न ठेवता बोलले.

“वहिनी, आता बास करा. त्याच्या घशाचं वाटोळं झालंय. ऑपरेशनची पाळी आलीय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून तो मरतोय, आणि तुम्हाला सांगणार नाही.”

वहिनींनी कप खाली ठेवले. माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील किंवा चिडून निघून जातील.

“मला बरं वाटावं म्हणून?” त्या म्हणाल्या. “अहो ताई, मी तर भावजींसाठी येते.”

मी खाली बसले, स्टुलावर. मग त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता, घरी जाऊन शांत झोप लागली होती. पुढचे एक-दोन रविवारही आवडले. पण पुढे लक्षात आलं की हा जो बोलतोय तो आपला नवरा नव्हे. आवाज त्यांचाच, पण घरी ते असे बोलायचेच नाहीत. घरी आले की गप्प असायचे. विनोद बिनोद सगळे इथे, या टेबलावर. मी ज्या माणसाबरोबर संसार केला तो गप्प माणूस होता ताई, म्हणाल्या, आणि गप्प माणसाचा आवाज कोण काढणार? पण आवाज काढताना भावजींचा चेहरा उजळायचा. एरवी तो चेहरा बघवत नव्हता. वहिनींना वाटलं, यांचा एकच मित्र होता, मी यायची बंद झाले तर हे कुणासाठी करणार, आणि केलं नाही तर कोसळतील. म्हणून मुलीकडे जाणं पुढच्या महिन्यावर टाकत गेल्या. दर रविवारी घरातून निघताना पाय जड व्हायचे, तरी यायच्या.

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. दोघं एकेका बाजूने तिरडी धरून उभी होती, खांदे मोडून आले होते, आणि समोरच्याला वाईट वाटेल म्हणून खाली ठेवूया असं कुणी म्हणत नव्हतं. मी तसं म्हणाले वहिनींना, अगदी याच शब्दांत. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, चला, सांगून टाकू.

बाहेर येऊन त्यांनीच सांगितलं, उभ्यानेच, सगळ्यांसमोर. मुलीकडे जायचं ठरवलंय, आणि इतके दिवस का येत होते तेही. लायब्ररीवाल्या बाई टेबलाकडे बघत राहिल्या. बेकरीवाला पूर्ण जागा झाला. भावाच्या डोक्यावर टॉवेल होता, वाफ घेत होता तो. टॉवेल त्याने हळूहळू काढला. त्याचा चेहरा ओला होता, वाफेने.

“मग तो कुणासाठी येत होता?” तो कुजबुजला.

लायब्ररीवाल्या बाई त्यांच्या त्या नेमक्या सुरात म्हणाल्या की म्हाताऱ्याला आता झोपू द्यावं, फार दमलाय तो. बेकरीवाल्याने सवयीने फासा उचलला. तो म्हणाला, नियमाप्रमाणे असल्या अर्धमेल्याला मारायचं तर छातीत लाकडी खुंटी ठोकावी लागेल, आणि फासा परत खाली ठेवला, कारण ते त्याच्याने होणार नव्हतं.

तेव्हा माझ्या भावाने शिपायाचा कागद काढला आणि वहिनींपुढे सरकवला. यांच्यात एक रीत आहे. पात्र मरायची वेळ आली की ते कसं मरतं हे मास्तर सांगत नाही, ज्याचं पात्र आहे तो सांगतो. त्या वेळी फासा नाही, नियम नाही, तो म्हणेल तसं. लिफ्टवाल्याला ते सांगायला मिळालंच नव्हतं, कारण चावलेला माणूस मेलेला धरत नाहीत. भावाने वहिनींना हे कुजबुजत, थांबत थांबत समजावलं. वहिनी म्हणाल्या, मला यातलं काही येत नाही भावजी. बेकरीवाला म्हणाला, येण्यासारखं काही नाहीये वहिनी, तुम्हाला वाटेल तसं सांगा.

वहिनी खुर्चीत बसल्या. कागद हातात घेतला नाही, नुसता त्याच्या कडेवर अंगठा ठेवला.

“तो किल्ल्यावरून खाली येतो,” त्या म्हणाल्या. “दिवसाउजेडी येतो, कुणी अडवत नाही. घरी येतो. दार मीच उघडते. तो काही बोलत नाही. बूट काढतो, एकावर एक टाकतो, मी ते सरळ करते. पाणी देते. तो म्हणतो, जरा पडतो. मी म्हणते, पडा. तो आत जाऊन पडतो, कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. मी काम टाकून जाते आणि शेजारी बसते. हात धरते. हात गार असतो, पण मी धरून ठेवते. मी तिथेच असते. मग तो मरतो. मी तिथेच असते.”

एवढं बोलून त्या थांबल्या. लायब्ररीवाल्या बाई रडत होत्या, आवाज न करता. मला गच्चीवरची ती खोली दिसत होती आणि खाली चाललेली लिफ्ट.

यानंतर मास्तरने एक शब्द बोलायचा असतो. पात्र मेलं, असं म्हणायचं असतं, की मग कागद फाडून टाकतात. सगळे त्याच्याकडे बघत होते. भावाने तोंड उघडलं. खडी भरलेला तो आवाज येतो की काय म्हणून मी श्वास धरला. पण आवाज त्याचाच आला, बारीक, चिरकलेला, लहानपणी पडला की यायचा तसा.

“मेला,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “ताई, मेला गं तो. माझा मित्र मेला.”

आणि तो टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला, त्या कागदांच्या आणि फाशांच्या मध्ये, हमसून हमसून, मोठ्यांदा. वहिनींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. घशाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की आवाजावर जोर देऊ देऊ नका, आणि मला तेवढं कळत होतं, पण गप्प बस म्हणून सांगायची माझी छाती झाली नाही.